कवडूभाऊंचा मागचा गोळा

कवडूभाऊंच्या घरी पहिल्यांदा गेलेल्या माणसाला चहाच्या आधी गाडीखाली जावं लागे. मी गेलो तो गावच्या शाळेवर रुजू झालो त्याच संध्याकाळी. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट होता, आणि नव्या गावात निदान सुरुवातीला तरी कुणाला नाही म्हणायचं नाही, असं ठरवून आलो होतो. समोरच्या घरातून कानटोपी घातलेला एक उंच, किडकिडीत माणूस बाहेर आला. त्याने मला खालपासून वरपर्यंत पाहून घेतलं आणि म्हणाला, "नवे गुरुजी तुमीच का? या, गोळा पाहून घ्या."

थोड्या वेळाने मी एका पोत्यावर उताणा पडलो होतो आणि माझ्या नाकासमोर त्यांच्या पिकअप गाडीचं पोट होतं. मागच्या दोन चाकांना जोडणाऱ्या जाड लोखंडी नळीच्या मधोमध भोपळ्याएवढा एक फुगीर भाग होता. त्याला पुस्तकात डिफरन्शियल म्हणतात. कवडूभाऊ त्याला नुसतं गोळा म्हणत. बाकीच्या गाडीची अवस्था बघण्यासारखी होती. एक दिवा सुतळीने बांधलेला, ड्रायव्हरच्या बाजूचं दार फक्त बाहेरून उघडणारं, पुढच्या काचेला कोपऱ्यातून तडा गेलेला. गोळा मात्र देवघरातल्या समईसारखा लखलखीत. कवडूभाऊ रोज सकाळी आंघोळीआधी तो पुसत, आणि आंघोळ झाल्यावर हात लावून पुसला गेला की नाही ते पाहत, त्यामुळे त्यांची आंघोळ कधी टिकत नसे. त्यांच्या बायकोचं, शांताबाईंचं, यावर ठरलेलं वाक्य होतं. "यायनं लग्नात मले एवढं निरखून पाह्यलं असतं, तं माहा जन्म सुधरला असता."

त्यांच्या पुतणीला पाहायला मूल गावाहून पाहुणे आले तेव्हाही हा नेम चुकला नाही. मुलाचा बाप कडक धोतर नेसून आला होता. पोह्यांच्या बश्या येईपर्यंत तो गाडीखाली होता, आणि मुलगी बाहेर आली तेव्हा फक्त मुलाची आई तिला पाहायला जागेवर होती. बाप धोतराला ग्रीस लावून बाहेर निघाला आणि म्हणाला, "आमच्याकडून पसंत आहे." त्याने काय पसंत केलं यावर दोन्ही घरांत पुढे बरेच दिवस चर्चा चालली, पण लग्न झालं, आणि संसारही नीट चालला.

आमचं गाव सावली आणि सिंदेवाही या गावांच्या मधल्या धानपट्ट्यात. तिथे सगळ्यांना तंबाखू-सुपारी घोटलेल्या खर्ऱ्याचा नाद, कवडूभाऊंनाही होता. तोंडात खर्रा धरून बोलायचं म्हणून ते हनुवटी वर करून बोलत, त्यामुळे परक्या माणसाला ते गर्विष्ठ वाटत. पण काही महत्त्वाचं सांगायचं असलं की ते आधी उठून कुंपणाशी जात, थुंकून येत, मग बोलत. भाऊ कुंपणाकडे निघाले की बसलेल्या माणसांना कळे, आता सिद्धांत येणार. ज्यांना कामं असत ते तेवढ्यात निघून जात.

गोळ्याचा सिद्धांत मी पहिल्याच आठवड्यात ऐकला. ते थुंकून आले आणि म्हणाले, "गुरुजी, तुमी शिकले-सवरले. सांगा, एक चाक चिखलात अन् एक चाक कोरड्यावर. इंजिनाची ताकद कोणाले भेटाले पायजे?"

"कोरड्यावरच्या चाकाला," मी म्हणालो.

"बराबर. अन् भेटते कोणाले? जे चिखलात रिकामं फिरून राह्यलं, त्याले! जे काम करू शकते ते बिचारं उभंच्या उभं. आता सांगा, ज्यानं हा गोळा बनवला त्यानं आपली ग्रामपंचायत पाह्यली होती का नाई?"

सरपंच तिथेच खाटेवर बसले होते. सगळ्यांत मोठ्याने तेच हसले.

सिद्धांत खरा होता. मी नंतर वाचून पाहिलं. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, आतल्याला कमी. म्हणून हा गोळा दोघांना आपापल्या चालीने जाऊ देतो. डांबरी रस्त्यावर हे फार शहाणपणाचं आहे. चिखलात मात्र हेच शहाणपण अंगाशी येतं. एक चाक घसरून गरगर फिरू लागलं की दुसरं स्वस्थ बसतं. यावर इलाज एकच, गरजेपुरती दोन्ही चाकं एकमेकांना बांधून टाकायची, म्हणजे एक घसरलं तरी दुसरं ओढतं. कवडूभाऊंच्या डोक्यात हा इलाज बसला होता, आणि त्यांच्या डोक्यात बसलेली गोष्ट काढायला गावात पाना नव्हता.

थंडीत बाकीचे लोक शेकोटीपाशी बसत तेव्हा ते मोबाईल घेऊन बर्फाळ मुलखातले व्हिडिओ बघत. दाढीवाले गोरे लोक गुडघाभर बर्फात गाडी घालत, मागच्या गोळ्यात काय बसवलं ते सांगत आणि सहज बाहेर निघत. भाऊंना भाषेचा एक शब्द कळत नसे. आवाज बंद करून ते फक्त चाकं बघत.

"भाऊ, आपल्या इथी कुठी बर्फ आहे?" कुणीतरी चिडवायचं. "आपल्या इथी तं उन्हाळ्यात माणूस उकडून निंगते."

"फरक रंगाचा आहे," भाऊ म्हणत. "तिथी पांढरा चिखल, इथी काळा."

हसणाऱ्यांनाही मनातून ते पटत असे, कारण आमच्याकडे खरा चिखल हिवाळ्यातच नडतो. पावसाळ्यात कुणी गाडी घालायचा विचारच करत नाही. पण दिवाळीनंतर धान कापलं जातं, भारे बांधीतून, म्हणजे धानाच्या शेतातून, उचलून खळ्यावर न्यायचे असतात, आणि बांधीच्या पोटात तेव्हाही ओल असते. गावाच्या पूर्वेला बोडी आहे, म्हणजे लहानसा तलाव. तिच्या मातीच्या पाळीखालून पाणी झिरपत राहतं. त्या झिरपणीतूनच टोलीची कच्ची पांदण-वाट जाते. टोली म्हणजे पलीकडची पंधरा-वीस घरं. तिथे जायला दुसरी वाट नाही. पोरांनी शाळेत यायचं ते चपला हातात घेऊन, आणि आजाऱ्याने दवाखान्यात यायचं ते चौघांच्या खांद्यावरून.

कवडूभाऊंची माय त्या टोलीत राहत होती. मुलाने गावात घर बांधलं, गाडी घेतली, पण म्हातारी आपलं घर, आपली कोंबडी आणि आपलं भांडण सोडून यायला तयार नव्हती. मी येण्याच्या आदल्या हिवाळ्यात ती अंगणात पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. कवडूभाऊ पिकअप घेऊन धावले. गाडी बोडीखाली रुतली. एक चाक चिखल उडवत फिरत राहिलं, दुसरं हललं नाही. शेवटी लोकांनी म्हातारीला बाजेवर घालून आणलं, आणि ती बाज रुतलेल्या गाडीच्या शेजारून गेली. भाऊ स्टेअरिंगवर बसून होते. माय कण्हत होती, तरी जाता जाता म्हणाली, "राहू दे बापू, तुही गाडी थकली." हे मला शांताबाईंनी सांगितलं. भाऊंनी स्वतः कधी सांगितलं नाही. ते गोरे लोक आणि बर्फच सांगत राहिले.

गोळ्याचा पहिला इलाज त्यांनी आमच्याकडच्या रीतीप्रमाणे केला, म्हणजे वेल्डिंग मारलं. आमच्याकडे नांगराच्या फाळापासून शाळेच्या फाटकापर्यंत कशावरही हाच एक उपाय आहे. सिंदेवाहीच्या मिस्त्रीने गोळा खोलला, आतले दाते एकमेकांना कायमचे जोडले आणि म्हणाला, "भाऊ, अब दोनो चक्के नवरा-बायको. मरेपर्यंत संगं."

बांधीत गाडी अशी गेली की बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग भाऊ ती घेऊन बाजाराला गेले. सरळ रस्त्यावर काही कळलं नाही. बाजारच्या चौकात डावीकडे वळायचं होतं. दोन्ही चाकं एकाच चालीने जायला लागली की गाडी वळायचं नावच घेत नाही. भाऊ स्टेअरिंग फिरवत राहिले, टायर किंचाळत राहिले आणि गाडी सरळ जात राहिली. पानठेल्यावरचे लोक आधी हसले, मग उठले, मग पळाले. ठेल्याचा बोर्ड गाडीच्या नाकावर घेऊन भाऊ पलीकडच्या कापडवाल्याच्या ओट्यापाशी थांबले. खाली उतरून त्यांनी आधी गोळा पाहिला. मग ठेलेवाल्याला म्हणाले, "पाह्यली का ताकद?"

त्या खेपेला ते घरी आले ते होता होईल तो वळण टाळत. त्यासाठी कुठून कुठे जावं लागलं हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, पण उजाडता निघालेला माणूस दिवेलागणीला पोचला. टायरांची वरची नक्षी पार घासून गेली होती. शांताबाई म्हणाल्या, "नवरा-बायको मरेपर्यंत संगं राह्यले का असेच घासते."

दुसरा इलाज मात्र खरा होता. माजरीकडे भंगाराचा धंदा करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडे खाणीवर चालून मोडीत निघालेली एक गाडी आली होती. तिच्या मागच्या गोळ्यात कुलूप होतं. दांडी ओढली की दोन्ही चाकं बांधली जायची, सोडली की मोकळी. भाऊंनी तो गोळा पोत्यात गुंडाळून एसटीतून आणला. कंडक्टरने विचारलं, काय आहे? भाऊ म्हणाले, "घरचं माणूस आहे." तो मिस्त्रीने बसवायला घेतला तर दाते जुळेनात, चाकांपर्यंत जाणारे दांडे आखूड पडले, दुसऱ्या गाडीचे दांडे आणून कापून घेतले, आणि अखेर एका सकाळी हँडब्रेकच्या शेजारी एक नवी दांडी उभी राहिली. तिच्या टोकाला भाऊंनी लाल रंग दिला.

तो हिवाळा कवडूभाऊंचा होता. कुणाचा ट्रॅक्टर रुतो, कुणाची मोटारसायकल, भाऊ हजर. ते चिखलात गाडी घालायचे, मुद्दाम रुतू द्यायचे, लोकांचे चेहरे पडलेले पाहायचे आणि मग दांडी ओढायचे. दोन्ही चाकं एकदम जमीन पकडत आणि गाडी गाभण म्हशीसारखी संथपणे वर येई. भाऊ तेव्हा समोर बघत नसत. ते खिडकीतून मागे बघत. लोक त्यांना भारे न्यायला बोलावू लागले, लग्नाचं सामान न्यायला बोलावू लागले. सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे ते रोज टोलीला जाऊन मायला गरम भात देऊन येऊ लागले. म्हातारी आता काठी घेऊन दारापर्यंत चालत होती. गाडीचा आवाज आला की ती आधी कोंबडी झाकायची.

पण कुठेही जाऊ शकणारा माणूस कुठूनही जाऊ लागतो. शेताच्या कडेच्या धुऱ्यावरून वळसा घालून जाणं भाऊंनी सोडून दिलं आणि ते सरळ बांधीतून जाऊ लागले. आमच्याकडे धान उभं असतानाच ओल्या जमिनीत लाखोळीच्या डाळीचं बी फेकून ठेवतात. धान कापलं की खाली लाखोळी हिरवी उगवलेली असते. वरून पाहणाऱ्याला रान मोकळं दिसतं. एके दिवशी अशाच एका बांधीची मालकीण ठमीबाई विळा घेऊन गाडीसमोर उभी राहिली.

"काऊन रे कवडू, हे काय रस्ता आहे?"

"गाडी फसली नाई ना, ठमीबाई? मंग झालं तं."

"तुही गाडी फसत नाई रे बाप्पा, पण माही लाखोळी मरते ना."

भाऊ खाली उतरले. चाकांच्या दोन रेघांत हिरवं कोवळं पीक चिखलात दाबलं गेलं होतं. त्या दोन्ही रेघा अगदी सारख्या खोल होत्या, आणि मी शपथेवर सांगतो की वाईट वाटण्याआधी त्यांना त्याचा आनंद झाला. वाईटही वाटलं. त्यांनी घरून बियाणं आणून त्या रेघांत पुन्हा टाकलं. पुढच्या आठवड्यात मात्र ते दुसऱ्याच्या बांधीतून जात होते.

आता पांदणीच्या रस्त्याचं सांगितलं पाहिजे, कारण खरी गोष्ट तीच आहे. टोलीच्या रस्त्याची मागणी माझ्याही आधीची, सरपंचांच्याही आधीची. पावसाळ्यात बांधकामाचे साहेब पाहणीला येत नसत, कारण यायला रस्ता नव्हता. उन्हाळ्यात येत, तेव्हा चिखल वाळून टणक झालेला असे आणि साहेब म्हणत, "रस्ता तर आहे." असं करत करत तो रस्ता कागदावर म्हातारा होत चालला होता. त्या वर्षी काय झालं कोण जाणे, साहेब ऐन हिवाळ्यात येणार असा निरोप आला. गावाला लॉटरी लागल्यासारखं झालं.

शाळेच्या ओसरीवर बैठक बसली. ठरलं ते सोपं होतं. साहेबांना चिखल सांगायचा नाही, दाखवायचा. त्यांची गाडी काही पांदणीत उतरणार नाही, तेव्हा त्यांना कवडूभाऊंच्या पिकअपमध्ये बसवायचं, बोडीखाली न्यायचं आणि तिथे रुतू द्यायचं. साहेब बूट हातात घेऊन गुडघाभर चिखलातून चालत टोलीला गेले की रस्ता झालाच समजा.

"पण भाऊ, ते लाल दांडी वढू नका बरं," सरपंच म्हणाले.

"मी काय पागल आहो?" कवडूभाऊ म्हणाले. "टोलीत माही माय राह्यते."

एका उत्साही माणसाने आदल्या दिवशी बोडीची तुडुम, म्हणजे पाणी सोडायचं दारही, जरा मोकळी सोडली, म्हणजे पाण्याची कमतरता पडायला नको.

साहेब आले. तरुण, नीटनेटके, पायात चकचकीत बूट. ते पुढे भाऊंच्या शेजारी बसले. मागे हौद्यात सरपंच आणि मी उभे. बोडीखाली गाडी आली आणि ठरल्याप्रमाणे रुतली. चाक गरगर फिरलं, चिखल उडाला. सरपंचांनी माझा हात दाबला. पलीकडच्या काठावर टोलीची माणसं जमली होती, त्यांत काठीवर रेलून भाऊंची मायही होती. सगळं छान चाललं होतं. तेवढ्यात साहेब बाहेर डोकावून हसले आणि म्हणाले, "तुमच्या गाडीतच दम नाही वाटतं."

मागच्या काचेतून पाठमोरे भाऊ मला दिसत होते. त्यांची मान ताठ झाली. उतरण्यासाठी आपल्या बाजूचं दार उघडायला त्यांनी बाहेर हात घालायला हवा होता. तो हात बाहेर गेला नाही. तो खाली गेला. सरपंच ओरडले, "भाऊ, नोको!" पण दांडी ओढली गेली होती. दोन्ही चाकांनी जमीन धरली आणि गाडी चिखल कापत, न डगमगता, सरळ टोलीच्या मारुतीपर्यंत जाऊन थांबली. साहेबांच्या बुटाला शिंतोडासुद्धा लागला नाही.

"वा!" साहेब खाली उतरून म्हणाले. "उगाच ओरडता तुम्ही लोक. हिवाळ्यातही वाहतूक चालू आहे की." आणि त्यांनी तसंच लिहिलं.

त्यानंतर काही दिवस गावात भाऊंशी कुणी बोललं नाही. लोक त्यांना शिव्या देत नव्हते, ते सोपं गेलं असतं. लोक त्यांची गाडी बोलवत नव्हते. मी एकदा त्यांच्यासोबत भाताचा डबा घेऊन टोलीला गेलो. मायने डबा घेतला नाही. दारात बसूनच ती म्हणाली, "तुही गाडी माह्यापाशी येते रे बापू. शेजारच्या गोदीची पोरगी पोटुशी आहे, तिच्यापाशी कोणाची गाडी येईन? अन् तू गावात नसशीन तं माह्यापाशी तरी कोण येईन?"

तोंडात खर्रा नव्हता, तरी भाऊ उठून कुंपणापाशी गेले. मला त्या क्षणी त्यांचा राग आला होता आणि त्यांची दयाही येत होती. दोन्ही खरं होतं. परत येऊन त्यांनी सिद्धांत सांगितला नाही. मायच्या पायाला हात लावला आणि निघाले.

सरपंच आणि टोलीची माणसं पुन्हा अर्ज-विनंत्या करत राहिली. वर्ष गेलं. साहेब बदलले. नवे साहेब पाहणीला येणार असं कळलं, पुन्हा हिवाळ्यात. आधीच्या शेऱ्यामुळे त्यांना कुठूनतरी समजलं होतं की या गावात कुठेही जाणारी एक गाडी आहे, आणि ते तिच्यातूनच जाणार होते. बैठकीत सगळे खाली मान घालून बसले. भाऊंकडे कुणी पाहत नव्हतं.

भाऊ उठले, कुंपणापाशी जाऊन थुंकून आले. "दांडी वढणार नाई, असं मी म्हणत नाई," ते म्हणाले. "हातावर माहा भरोसा नाई. मी गोळाच काढतो."

दुसऱ्या दिवशी सिंदेवाहीचा मिस्त्री आला. कुलूपवाला गोळा निघाला, वेल्डिंगचे दाते बदलून जुना, कंपनीचा गोळा परत बसला. लाल दांडीही कापली. मिस्त्री पुन्हा पुन्हा विचारत होता, "भाऊ, पक्का ना? लोक लगवाते है, आप निकलवाते है." काढलेला गोळा घरात ठेवायची भाऊंना भीती वाटली, म्हणून तो शाळेच्या सामानाच्या खोलीत, दोरीउड्यांच्या दोऱ्यांशेजारी, पोत्यात बांधून ठेवला. मी कुलूप लावलं तेव्हा ते म्हणाले, "चाबी माह्याजवळ देऊ नका, गुरुजी."

नवे साहेब वयस्क होते, फार बोलत नव्हते. गाडी बोडीखाली आली आणि रुतली. एक चाक फिरू लागलं, दुसरं जागेवर. काठावर आधीच्या वर्षीसारखीच टोलीची माणसं उभी होती. साहेबांनी वाट पाहिली. मग म्हणाले, "मी तर ऐकलं होतं, तुमची गाडी कुठेही जाते. मागे काहीतरी खास बसवलंय म्हणे."

मी मागे हौद्यात उभा होतो. कवडूभाऊंचा चेहरा मला आरशात दिसत होता. ज्या गोष्टीसाठी हा माणूस पाहुण्यांना धोतरासकट गाडीखाली घालत होता, ती विचारायला शेवटी एक मोठा माणूस आपल्या पायांनी आला होता.

"अफवा आहे साहेब," भाऊ म्हणाले. "लोकं काईबी सांगते. माही गाडी पह्यलेपासून अशीच आहे. हमेशा फसते."

साहेबांनी बूट काढले, पँट वर केली आणि उतरले. त्यांचा पहिलाच पाय गुडघ्यापर्यंत गेला. सरपंचांनी त्यांना धरलं. साहेब हळूहळू, एकेक पाय उपटत, टोलीपर्यंत चालत गेले, आणि परतही तसेच आले. परत येईपर्यंत त्यांनी चिखलाबद्दल पाच-सहा शब्द उच्चारले, ते इथे लिहिता येणार नाहीत, पण गावाने ते फार समाधानाने ऐकले. गाडी बाहेर काढायला बैलजोडी आणावी लागली. बैल ओढत असताना भाऊ स्टेअरिंगवर बसून राहिले आणि कुणाशी नजर मिळवत नव्हते. चोरी करताना पकडल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. एरवी त्यांना हसणाऱ्यांतलंही तेव्हा कुणी हसत नव्हतं, पण हे त्यांना कोण सांगणार.

पुढच्या हिवाळ्याच्या आत पांदणीवर खडी आणि मुरूम पडला, बोडीखाली दोन सिमेंटचे पाइप बसले. मी भाऊंना म्हणालो, आता तो गोळा घेऊन जा, कुणी काही म्हणणार नाही. ते म्हणाले, "आता काऊन?" तो शाळेतच राहिला. पोरं त्यावर फळ्याचं कापड वाळत घालू लागली.

माझी बदली झाली त्या दिवशी भाऊंनीच माझं सामान गाडीत भरलं. निघण्याआधी मायला भेटायचं म्हणून आम्ही टोलीच्या रस्त्याला लागलो. अर्ध्यावर समोरून एक ऑटो आला. भाड्याचा, जुना, तीन चाकांचा, मागे काळा धूर सोडणारा. त्यात टोलीच्या चार बाया दाटीवाटीने बसल्या होत्या. त्यांच्यात कडेला, पदर सावरत, बाजाराला निघालेली माय होती. मुलाला न विचारता ती पहिल्यांदाच बाहेर पडली होती. ऑटोवाल्याने भोंगा वाजवला. रस्ता एकाच गाडीपुरता होता. भाऊंनी क्षणभर पाहिलं आणि बाजू द्यायला पिकअप रस्त्याखाली उतरवली. डावी चाकं ओल्या बांधीत गेली, एक चाक गरगर फिरायला लागलं आणि गाडी तिरपी होऊन बसली.

ऑटो आमच्या शेजारून खडखडत जाताना मायने बाहेर डोकं काढलं. "काय रे बापू, फसली काय?"

कवडूभाऊंनी खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं. मी त्यांना इतकं मोठ्याने बोलताना आणि इतकं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

"फसली माय!" ते ओरडले. "तू जाय, तू जाय! बाजार उठून जाईन!"